मंडईतला गळा आणि छातीचा पंप

पुण्याच्या मंडईत भाव ओरडून सांगावा लागतो. 1886 साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेल्या त्या दगडी इमारतीत गलका इतका, की शेजारच्या गाळ्यावर ऐकू जायलाही गळा ताणावा लागतो. दम्याचा पंप सुरू झाला, की छाती मोकळी होते, पण काहींचा आवाज बसतो. मग धंद्यासाठी पंपच बंद होतो आणि काही आठवड्यांत दमा पुन्हा डोकं वर काढतो. तसं करण्याआधी पुढचं करून पाहा.

आधी आपल्याकडचं औषध ओळखा. रंगावर जाऊ नका, नाव वाचा. बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन ही रोज घ्यायची स्टिरॉइडं. तोंड आणि घशाच्या तक्रारी यांच्या. साल्बुटामॉल धाप लागल्यावर घ्यायचं. हाताची थरथर आणि छातीतली धडधड त्याची. फॉर्मोटेरॉल मिसळलेला जोड-पंप असेल, तर दोन्ही होऊ शकतं.

रोजचा पंप घरीच घ्या, दात घासण्याच्या आधी. पहाटे गुलटेकडीला माल घ्यायला निघायची घाई असली तरी हा क्रम मोडू नका. औषध घेतल्यावर चूळ भरा, मान मागे टाकून गुळण्या करा आणि थुंका, असं दोन-तीनदा. मग ब्रश. चूळ टाळून वर चहा घेतला, तर तोंडातलं औषध पोटात जातं. कवळी असेल तर ती काढून धुवा, कारण बुरशी तिच्याखाली आधी धरते. जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरे ठिपके दिसले, तिखट झोंबायला लागलं, की डॉक्टरांना दाखवा. बुरशीवरचं औषध तोंडात लावायला मिळतं, पंप सोडावा लागत नाही. गिळताना दुखत असेल, तर मात्र त्याच दिवशी जा.

आता आवाज. इथे चूळ फारशी कामाला येत नाही. गुळणीचं पाणी स्वरयंत्रापर्यंत पोहोचतच नाही. उपाय आहे तो औषध घशावर कमी आदळेल असं पाहण्याचा, म्हणजे स्पेसर: पंपापुढे लावायचा पोकळ प्लास्टिकचा डबा. पंप हलवा, स्पेसरला लावा, एकच दाब द्या, सावकाश खोल श्वास ओढा आणि जमेल तर दहा सेकंद रोखा. दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. दोन दाब एकदम भरणं म्हणजे औषध वाया घालवणं. स्पेसर आठवड्याला साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळू द्या. फडक्याने पुसून लख्ख केला, तर प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. कॅप्सूलचा रोटाहेलर वापरणाऱ्याला स्पेसर लावता येत नाही. आवाज फारच बसत असेल, तर डॉक्टरांना साधन किंवा डोस बदलता येईल का, ते विचारा. आपल्या मनाने डोस अर्धा करू नका.

गळ्यालाही सुट्टी द्या. भावाची पाटी मोठ्या अक्षरांत लावा, दुपारी गिऱ्हाईक कमी असताना आरोळी मुलाला देऊ द्या. कुजबुजून बोलणं ही मात्र विश्रांती नव्हे, जोर लावून कुजबुजलं तर गळा उलट ताणला जातो. आणि तंबाखू खाणारा, विडी ओढणारा माणूस असेल, तर एक गोष्ट ठासून सांगतो: आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर पंपावर खापर फोडून गप्प राहू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घ्या.

साल्बुटामॉलनंतर सुटे पैसे मोजताना बोटं थरथरली, तर घाबरू नका. थोडं बसा, पोतं उचलू नका, लगेच कडक चहा घेऊ नका. काही वेळाने ते ओसरतं. छातीत दुखलं किंवा धडधड थांबेना, तर दवाखाना गाठा. हा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागत असेल, तर रोजचं औषध कमी पडतंय किंवा नीट ओढलं जात नाही, असं समजा.

टायोट्रोपियमचा पंप घेणाऱ्याचं तोंड कोरडं पडू शकतं. घोट-घोट पाणी प्या. वयस्कर पुरुषाला लघवी अडायला लागली, तर लाजून लपवू नये.

पंप गल्ल्यात किंवा कांद्याच्या ढिगाशेजारी टोपणाशिवाय ठेवणं ही इथली खास खोड. नळीत शिरलेलं नाणं किंवा साल श्वासाबरोबर थेट आत ओढली जाऊ शकते. टोपण लावा, आणि ओढण्याआधी नळीत डोकावा. उन्हात तापणाऱ्या स्कूटरच्या डिकीत पंप नको. ओल्या भाजीजवळ रोटाहेलरच्या कॅप्सूलही नकोत, ओलीने भुकटीचे गोळे होतात.

पंप ओढताच दम उलट वाढला, तर तो पुन्हा घेऊ नका; तातडीचं औषध घ्या आणि लगेच डॉक्टरांना गाठा. धापेने एक वाक्यही पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर गाळा कोण बघेल याचा विचार न करता शेजाऱ्याला 108 लावायला सांगा. गाडी येईपर्यंत माणसाला ताठ बसवा, आडवं करू नका, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे साल्बुटामॉल स्पेसरमधून देत राहा.