खाचर बुजविल्यानें काय होतें?

पनवेल तालुक्यांतील वडील वाचकांस खाचर म्हणजे काय हें सांगावयास नको. परंतु जीं मुलें आज इमारतींच्या चौथ्या मजल्यावर वाढत आहेत, त्यांच्याकरितां थोडें सांगितलें पाहिजे. भाताचें खाचर म्हणजे चोहोंकडून बांध घातलेलें एक उथळ भांडेंच होय. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचें १० लक्ष लिटर पाणी होतें. खाचर त्यांतील पुष्कळसें पाणी धरून ठेवितें, कांहीं मुरवितें व उरलेलें सावकाश खालच्या खाचरांत सोडितें. त्याच जागीं भराव घालून वर सिमेंट पसरलें, कीं पाऊस तितकाच, परंतु पाणी घटकाभरांत नदीवर जाऊन आदळतें.

आतां आपली नदी पाहूं. गाढी माथेरानच्या डोंगराकडून येते व पनवेलच्या खाडीस मिळते. खाडीस दिवसांतून दोन वेळां भरती येते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती यांची गांठ पडली, कीं नदीचें पाणी बाहेर जाऊं शकत नाहीं. तें मागें तुंबतें. पूर्वी हें पाणी खाजणांत, मिठागरांत व तिवरांच्या रानांत पसरत असे. आगरी व कोळी लोकांस हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं खारजमिनीस बांध घालून त्यांत उघाड्या ठेविल्या. भरतीस त्या बंद, ओहोटीस खुल्या. युक्ति साधी, पण उत्तम.

१९७० सालीं सिडको स्थापन झाली व नव्या मुंबईकरितां ९५ गांवांच्या जमिनी घेण्यांत आल्या. नगर रचणारांसही ही अडचण कळली होती. त्यांनीं पावसाचें पाणी भरतीच्या वेळीं सांठविण्याकरितां धारण-तलाव केले. पुढें त्यांत गाळ सांचला व तिवरें उगवलीं. तलाव तर उपसावयाचा, आणि तिवर तर तोडावयाचें नाहीं, असा हा पेंच आहे!

८ ऑक्टोबर २०२५ रोजीं ज्याचें उद्‌घाटन झालें, त्या विमानतळाचें क्षेत्र सुमारें १,१६० हेक्टर आहे. त्यासाठीं उलव्याचा डोंगर कापला, उलवे नदीचा प्रवाह वळविला व दहा वस्त्या उठविल्या. एवढ्या जागेवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ११६ कोटि लिटर पाणी. तें नेण्यास नाले बांधले आहेत हें खरें. परंतु नाला पाणी नेतो, राखीत नाहीं. भरावाचें काम चालू झाल्यावर शेजारच्या डुंगी गांवांत पावसाळ्यांत पाणी शिरलें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. विमानतळानें कामधंदा येईल, हेंही आम्ही नाकारीत नाहीं. मात्र लाभ एकाच्या पदरीं व पूर दुसऱ्याच्या दारीं, ही वांटणी न्यायाची नव्हे.

उष्म्याचेंही तसेंच. मडक्यांतील पाणी गार राहतें, कारण पाझरलेल्या पाण्याची वाफ होतांना उष्णता खर्च होते. ओलें शेत व झाडांचीं पानें हेंच काम करितात. डांबर व काँक्रीट दिवसा तापतात आणि रात्रीं ती धग सोडीत राहतात.

तिवरांच्या मुळांशीं निवटे, चिंबोऱ्या व कोळंबी वाढतात; तेथील चिखलांत झाडांनीं हवेंतून घेतलेला कार्बन दीर्घकाल गाडलेला राहतो. तें रान तोडून चिखल उकरला, कीं तोच वायु होऊन हवेंत परततो. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालच्या निर्णयांत तिवरें तोडण्यास व त्यांच्या भोंवतालच्या ५० मीटरांत बांधकामास मनाई केली आहे. रात्रीं डबर टाकावयास येणारा ट्रक दिसला, तर तहसीलदाराकडे लेखी तक्रार करावी व तिची पोंच मागून घ्यावी.