गिझर उकळतोय? खिशात हात घालण्याआधी टाकी बघा

आपल्याकडे घरचा बॉयलर म्हणजे बहुतेक ठिकाणी सहा लिटरचा गॅस गिझर. तो अंग भाजेल असं पाणी देतोय, किंवा दोन मिनिटांत टक्कन बंद पडतोय, तर लगेच बीडला मेकॅनिकला फोन लावू नका. अशा तक्रारींत पुष्कळदा गिझर धडधाकट असतो, त्याला पाणीच कमी मिळत असतं.

हिशेब असा. सहा लिटरचा गिझर मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण 25 अंशांनी तापवतो. पाणी निम्मं झालं आणि गॅस तेवढाच राहिला, तर वाढ 50 अंशांची होते. थंडीत 20 अंशांचं पाणी 70 वर जातं आणि आतला ओव्हरहीट सेन्सर जाळ बंद करतो. म्हणजे सेन्सर बिघडलेला नाही, तो त्याचं काम करतोय.

आता फुकटची तपासणी. रेग्युलेटर बंद करा, गिझरचे दोन्ही मोठे सेल काढा. गरम पाण्याच्या नळाखाली दहा लिटरची बादली ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. पावणेदोन मिनिटांच्या आसपास भरली तर प्रवाह ठीक. तीन मिनिटं किंवा जास्त लागली तर दोष पाण्याच्या बाजूला. मग तीच बादली शेजारच्या गार नळाखाली भरा. तीही रखडली तर टाकी किंवा पाइप बघायचा. गार नळ जोरात आणि गरम तेवढा करंगळीएवढा, तर कचरा गिझरमध्ये अडकलाय. शॉवर वापरत असाल तर त्याची चाळणी आधी काढून बघा, क्षाराने भोकं बुजलेली असतात.

टाकी थेट बाथरूमच्या स्लॅबवर ठेवलेली असेल तर जोर मिळतच नाही. पाण्याची पातळी शॉवरपासून निदान दहा फूट वर हवी. त्यात टँकरची वाट बघत टाकी तळाला गेली की जोर आणखी घटतो, म्हणून सकाळी पहिल्या माणसाला कोमट आणि शेवटच्याला उकळतं पाणी. टाकीखाली लोखंडी स्टँड हा एकदाचा खर्च. प्रेशर पंप बसवला तर वीज गेली की अंघोळ पुन्हा जिथल्या तिथे.

घरातली एक सवयही मोडा. पाणी जास्त गरम हवं म्हणून गरम नळ बारीक करू नका. नळ पूर्ण उघडा आणि गॅसचा नॉब कमी करा. हिवाळा-उन्हाळा बटण असेल तर ते उन्हाळ्यावर ठेवा.

गार पाणी गिझरमध्ये शिरतं तिथे बारीक जाळी असते. पाण्याचा कॉक बंद करून ती तुम्ही स्वतः काढून धुवू शकता. कॉइलमधला क्षार मात्र मेकॅनिकचं काम. बोअरचं जड पाणी असेल तर वर्षातून एकदा ही सफाई लागते आणि ती दिवाळीआधी उरका; थंडी पडली की मेकॅनिक फोन उचलत नाहीत. सफाई लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्याने करायला सांगा. बाथरूम धुवायचं ॲसिड ओतलं तर काम दहा मिनिटांत होतं खरं, पण तांब्याची कॉइल पातळ होते आणि पुढे गळायला लागते. मग तोच माणूस नवी कॉइल घेऊन येतो.

दरांचा अंदाज ठेवा. स्थानिक मेकॅनिकची फेरी साधारण 200 ते 300 रुपये, कंपनीच्या माणसाची 400 ते 600 आणि वर 18 टक्के जीएसटी. सफाईसह 500 ते 800. डायफ्राम, मायक्रोस्विच, सेन्सर हे प्रत्येकी दोनशेच्या आत-बाहेर. कॉइल बदलायची तर 1200 ते 2000. नवा गिझर 4000 ते 6500 ला मिळतो, त्यामुळे जुन्या गिझरला नवी कॉइल घालताना दोनदा विचार करा. सफाईला तासभर लागतो, सुटा भाग मागवायचा तर आठवडा धरा.

छुपे आकडे इथे असतात: बीडहून आपल्या गावात यायचं भाडं, पार्ट नसल्यामुळे दुसऱ्या फेरीचे वेगळे पैसे, “पूर्ण सर्व्हिस किट”. हे फोनवरच ठरवा. काढलेला जुना भाग मागून घ्या. कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, वॉरंटी कार्डावरचाच लावा. खोटे कस्टमर केअरवाले आगाऊ पैसे आणि ओटीपी मागतात. बिल, वॉरंटी कार्ड आणि गिझरवरच्या अनुक्रमांकाचा फोटो जवळ ठेवा. क्षाराने झालेली नासाडी वॉरंटीत बसते का, तेही कार्डावर वाचा.

आता दोन जुगाड, जे कुणालाही करू देऊ नका. पहिला, “सेन्सर डायरेक्ट करून देतो.” दोन वायरी पिळून जोडल्या की गिझर बंद पडायचा थांबतो, कारण त्याला थांबवणारंच कुणी उरत नाही. दुसरा, भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर. घरगुती गिझर साध्या, ठरावीक दाबाच्या रेग्युलेटरवर चालतो. पाणी अचानक उकळायला लागलं असेल तर हल्ली रेग्युलेटर कुणी बदलला का, ते आधी घरात विचारा.

नळ बंद केल्यावरही जाळ चालू राहिला, तर तपासणी वगैरे काही नाही. रेग्युलेटर बंद, गिझर बंद, मेकॅनिक येईपर्यंत हात लावायचा नाही. पाण्याच्या व्हॉल्व्हची पिन अडकलेली असते. ज्योत निळी सोडून पिवळी झाली किंवा वर काजळी दिसली तरी हेच. त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो, आणि बंद बाथरूममध्ये माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत लावून घ्या. बाथरूममधून हलवेपर्यंत तो वापरू नका. गॅसचा वास आला तर 1906 हा नंबर चोवीस तास चालू असतो.

नवा घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस 15558 हा आकडा बघा. पक्कं बिल घ्याच. दुकानदार किंवा कंपनी वॉरंटीत हात वर करत असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, फुकट होते. तिथे मिटलं नाही तर बीडचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही भरता येते, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.