लघवीची जाणीव कमी होणे ही ताकद नव्हे

वरळीच्या बीडीडी चाळीत राहिलेल्यांना मजल्यावरचे सामायिक शौचालय आणि सकाळची रांग चांगलीच माहीत आहे. लघवी दाबून ठेवायची सवय आपल्या माता-भगिनींना अशा जागीच लागली. "मला दिवसभर जावेच लागत नाही," असे कोणी अभिमानाने सांगते. पण त्या व्यक्तीला मधुमेह असेल, तर हा आजाराचा इशारा असू शकतो.

निरोगी प्रौढाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली लघवी मावते. १५० ते २०० मिली भरली की पहिली जाणीव होते. मुलांचा हिशेब सोपा आहे: वयात २ मिळवून ३० ने गुणा. ६ वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात सुमारे २४० मिली मावते.

पिशवी भरल्याची खबर नसा मज्जारज्जूवाटे मेंदूला देतात. ही वाट बिघडली की दोन प्रकार होतात. पक्षाघातानंतर किंवा मज्जारज्जूला मार लागल्यावर पिशवी अनेकदा थोड्या लघवीनेच आवळते; घाई होते, कपडे ओले होतात. दुसऱ्या प्रकारात जाणीवच मंदावते. पिशवी सैल पडते, ८०० मिली साचले तरी कळत नाही आणि थेंब थेंब गळत राहते. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, मूत्रपिंडावर ताण येतो.

बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांच्या नसांच्या दुखण्याने त्यांना फार त्रास दिला. मधुमेह पायांच्या नसा बिघडवतो, तसाच मूत्राशयाच्याही बिघडवू शकतो.

म्हणून हे करा:

• मधुमेह असल्यास जाणीव होवो न होवो, दर ३-४ तासांनी लघवीला जा.
• तीन दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजून वेळ व माप लिहा. कागद डॉक्टरांना दाखवा.
• लघवीनंतर किती उरते, हे सोनोग्राफीत कळते. केईएम किंवा नायरमध्ये विचारा.
• नळीने लघवी काढण्याची गरज पडल्यास घाबरू नका. स्वच्छ हातांनी, साधारण ४ ते ६ तासांनी ती घरीही काढता येते. रीत मात्र डॉक्टर किंवा परिचारिकेकडूनच शिका.
• कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी जवळच हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे.

दुःख ओळखा, त्याचे कारण शोधा, उपाय करा, हे तथागतांनीच शिकवले. मग लघवीच्या तक्रारीची लाज कशाला?

जय भीम!