ब्रेक नसलेली सायकल

नागपूर

चि. भाचीस,


बारावीनंतर पूर्णवेळ सायकलिंगच करायचं, हे ताईकडून कळलं. त्यावरून घरात जे रामायण झालं तेही कळलं. मामा तुला अडवणार नाही. पण आधी एका निवृत्त सायकलपटूची हकीकत वाच.

ब्रॅडली विगिन्स. जन्म 1980चा, बेल्जियममधल्या गेंटचा. बाप व्यावसायिक ट्रॅक सायकलपटू, पण तो लहानपणीच सोडून गेला. आईनं पोराला लंडनमध्ये वाढवलं. 2004च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये त्यानं वैयक्तिक परस्यूटचं सुवर्ण घेतलं, 2008 साली बीजिंगमध्ये आणखी दोन. परस्यूट ही ट्रॅकवरची चार किलोमीटरची शर्यत चारएक मिनिटांत आटोपते. टूर द फ्रान्स तीन आठवडे चालते आणि आल्प्सचे घाट चढायला लावते. ट्रॅकवर कमावलेलं अंग त्यानं घाटांसाठी उतरवलं आणि 2012 साली टूर जिंकणारा तो पहिला ब्रिटिश ठरला. दहाच दिवसांनी लंडन ऑलिम्पिकमध्ये टाइम ट्रायलचं सुवर्ण. 2015 मध्ये तासाभरात 54.526 किलोमीटरचा विक्रम, 2016 ला रिओत पाचवं सुवर्ण, आणि त्याच वर्षी निवृत्ती.

इथपर्यंतचं सगळ्यांना पाठ असतं.

पुढचं असं : टूरआधी घेतलेल्या इंजेक्शनवरून 2018 साली ब्रिटिश संसदेच्या समितीनं त्याच्या संघावर ठपका ठेवला. त्यानं तो फेटाळला, तरी डाग काही गेला नाही. 2024 मध्ये त्याला दिवाळखोर जाहीर करण्यात आलं. निवृत्तीनंतर कोकेनच्या आहारी गेलो होतो, हेही त्यानं स्वतःच सांगितलं. छत्तिसाव्या वर्षी सायकलवरून उतरलेल्या माणसापुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं आणि सकाळी उठून करायचं काय, हेच ठरलेलं नसतं. मामाला पैशापेक्षा ही गोष्ट जास्त भयंकर वाटते.

आपल्याकडे तर विगिन्ससारखा पगार देणारे संघच नाहीत. इथे सायकलपटू पोट भरतो तो रेल्वेत, सैन्यात, नाहीतर राज्य सरकारच्या पाच टक्के खेळाडू आरक्षणातल्या नोकरीत. त्या नोकरीलाही शिक्षणाची अट असते.

आता तुझ्याबद्दल. तू डॉ. अमित समर्थांचा फोटो भिंतीला लावलायस, छानच. आपल्या नागपूरच्या या डॉक्टरनं 2017 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पहिल्याच प्रयत्नात बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. 2018 ला नऊ हजार किलोमीटरहून लांब ट्रान्स-सायबेरियन शर्यतही. पण तो दमसासाचा खेळ. तू फुटाळ्यावर शेवटच्या दोनशे मीटरला पोरांना मागे टाकतेस आणि बुटीबोरीहून परतताना तुझी बत्ती गुल होते. तुझं अंग स्प्रिंटचं आहे. तेव्हा बघायचं तर शेजारच्या भंडाऱ्याच्या मयुरी लुटे आणि शुशिकला आगाशे यांच्याकडे बघ. 2022 साली दिल्लीच्या आशियाई ट्रॅक स्पर्धेत टीम स्प्रिंटचं कांस्य जिंकणाऱ्या संघात दोघी होत्या, त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतही दोघी उतरल्या.

नागपुरात वेलोड्रोम, म्हणजे सायकलिंगचा ट्रॅक, नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला बालेवाडीच्या वेलोड्रोमवर चल. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, फ्रीव्हीलही नसतं; चाक फिरतंय तोवर पायडल फिरतच राहतं. थांबायचं झालं तर पायांनीच उलटा जोर हळूहळू लावायचा. वळणावरच्या उतारावर घाबरून वेग कमी केलास तर चाक घसरतं. पहिल्या दिवशी सगळेच घाबरतात. चार दिवसांत तुलाच कळेल, हे जमतंय की नाही.

आणि हो, सर्दीची गोळीसुद्धा आपल्या मनानं घ्यायची नाही. उत्तेजक चाचणीत ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. बक्षिसाचे पैसे तुझ्याच खात्यात, आणि पासबुक तूच बघायचं.

ताईची समजूत मामा घालतो. कॉलेजचा फॉर्म मात्र तू या आठवड्यात भर.

तुझा,
मामा