टॅपेटच वाजतायत, पण गेज लावू नका

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. दोन वर्षांपूर्वी १९९१ सालची माझदा एमएक्स-५ घेतली, १.६ लिटर इंजिनची. हिवाळाभर गाडी झाकून ठेवली होती. मार्चमध्ये सुरू केली तर इंजिनाच्या वरच्या भागातून टक-टक-टक असा आवाज. पहिली दहा मिनिटं जोरात, मग कमी होतो, कधी पूर्ण थांबतो. ॲक्सिलरेटर दाबला की टकटक भरभर होते. इथला गॅरेजवाला म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. बाबा डोंबिवलीला असतात, त्यांनी वीस वर्षं प्रीमियर पद्मिनी चालवली. त्यांना फोनवर आवाज ऐकवला तर म्हणाले, ‘टॅपेट वाजतायत, गेज लावून सेट करून घे.’ कोणाचं ऐकू?

उत्तर : बाबांचा कान अगदी बरोबर आहे. उपाय मात्र त्यांच्या गाडीचा आहे, तुमच्या नव्हे.

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पद्मिनीत व्हॉल्व्हच्या वर थोडी फट मुद्दाम ठेवलेली असे. झिजून ती वाढली की टॅपेट वाजू लागत. मग मिस्त्री झाकण काढायचा, फीलर गेजची पाती सरकवून स्क्रू फिरवायचा आणि अर्ध्या तासात गाडी गप्प. तुमच्या इंजिनात फिरवायला तसा स्क्रूच नाही. त्यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, सोळा व्हॉल्व्हना सोळा. प्रत्येकाच्या पोटात एक इवलासा पिस्टन, एक स्प्रिंग आणि ऑइल आत घेऊन परत न सोडणारी एक झडप असते. इंजिन चालू झालं की ऑइलच्या दाबाने पिस्टन वर उचलला जातो आणि फट आपोआप भरून निघते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की हे ऑइल ओघळून खाली जातं, टॅपेट रिकामा होतो, आणि रिकामा टॅपेट वाजतो. जुन्या ऑइलचा चिकट थर झडपेत बसला असेल तर पुन्हा भरायलाही वेळ लागतो. तुमची ‘पहिली दहा मिनिटं’ तिथूनच येतात.

आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, कधी जातो आणि किती वेळा येतो, हे आधी सांगायला शिका. ‘टकटक’ आणि ‘ठकठक’ यांच्यावरून दोन मिस्त्री दिवसभर वाद घालतील. मोजणीवर वाद होत नाही. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. गरम इंजिन जागेवर साधारण ८५० आरपीएमला चालतं, म्हणजे क्रँकचे सेकंदाला चौदा फेरे आणि कॅमचे सात. एकच टॅपेट वाजत असेल तर सेकंदाला सात टकटकी यायला हव्यात. कानाला सात मोजता येत नाहीत, पण फोनवर रेकॉर्ड करून पाव वेगाने ऐका. मग सेकंदाला दोनपेक्षा थोड्या कमी पडतील आणि बोटांवर मोजता येतील. त्याच्या दुप्पट भरल्या तर आवाज क्रँकच्या बाजूचा असू शकतो. इंजिन थंड असताना आरपीएम जास्त असतो, तेव्हा काट्यावर आकडा बघून हिशेब करा. दोन-तीन टॅपेट एकदम वाजत असतील तर ही मोजणी फसते, हेही लक्षात असू द्या.

पुढची पायरी जुनीच आहे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हच्या झाकणावर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. पुढून मागे सरकत गेलात की कुठे आवाज मोठा होतो ते कळतं. बाह्या वर करून घ्या, पट्ट्यापासून हात लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा विजेचा आहे, मध्येच सुरू होतो. बारीक, एकसारखा, शिलाई मशीनसारखा टिकटिकाट ऐकू आला तर तो इंजेक्टरचा. तो असायलाच हवा.

या आवाजाचा एक तोतया आहे आणि तो चांगल्या चांगल्या मिस्त्रींना चकवतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग गळत असेल तर तिथूनही नेमकी टॅपेटच्याच तालात टकटक येते, आणि मॅनिफोल्ड तापून फुगला की गळती मिटून तीही बंद होते. सगळी लक्षणं जुळतात! म्हणून थंड इंजिनावर टॉर्च मारून जोडाजवळ काजळी दिसते का ते बघा. काजळी असेल तर टॅपेटला हातही लावू नका.

इंजिन खोलण्याची वेळ कधी येते? कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तेव्हा. तो आवाज खालून येतो, जड असतो, चढावर किंवा गाडी खेचताना वाढतो. मुख्य म्हणजे इंजिन तापलं की तो कमी होत नाही, उलट जास्त होतो, कारण ऑइल पातळ होतं. तुमची गाडी नेमकी उलट वागते आहे. शिवाय तुमच्याकडे एक साक्षीदार आहे. तुमच्या सालच्या गाडीतला ऑइल प्रेशरचा काटा खरोखर दाब दाखवतो. पुढे काही वर्षांनी माझदाने तिथे नावापुरता काटा बसवला, दाब आहे की नाही एवढंच सांगणारा. गरम इंजिनावर हा काटा खाली पडत असेल तर गाडी चालवू नका.

१९९१ साल वाचल्यावर मी एका गोष्टीला थबकलो, आणि ती टकटकीपेक्षा मोठी आहे. सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं. पुलीचा बोल्ट ढिला झाला की आतली चावी आणि तिची खाच झिजते, पुली डुलू लागते, टायमिंग सरकतं आणि गाडीची ताकद जाते. १९९१ मध्येच हे टोक बदललं, त्यामुळे तुमची गाडी कोणत्या बाजूची ते पाहावं लागेल. बोल्टभोवती पुलीत चार खाचा दिसल्या तर टोक आखूड, आठ असतील तर नवं. इंजिन चालू ठेवून पुली डुलते का तेही बघा.

हे सगळं ठीक निघालं तर माझा सल्ला असा. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर बदला. जास्त जाड ऑइल घालून आवाज दाबू नका, ते बारीक वाटांतून टॅपेटपर्यंत उशिरा पोहोचतं. मग गाडी चांगली तापू द्या, तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवा. ती त्यासाठीच बनली आहे. तिच्या सायलेन्सरचा सूरसुद्धा माझदाच्या अभियंत्यांनी मुद्दाम जुळवून घेतला होता, तो टकटकीखाली दबलेला मला सहन होत नाही. हजारेक मैलांनी ऑइल पुन्हा बदला. तरीही आवाज राहिला तर कॅमशाफ्ट काढून सोळाही टॅपेट धुवून घ्यावे लागतील. साठ हजार मैलांवर टायमिंग बेल्ट बदलावाच लागतो. तो जवळ आला असेल तर दोन्ही कामं एकदम करा, मजुरी वाचेल.

गॅरेजवाल्याला मात्र एक विचारा : वेगळं गेज लावून ऑइलचा दाब मोजलात का? ‘नाही’ म्हणाला, तर इंजिन खोलायला देऊ नका.