कंबरदुखी : व्यायामाला मनोपचाराची जोड

सेलू तालुक्यात कापसाची वेचणी सुरू झाली की कमरेला ओटी बांधून स्त्रिया दिवसभर वाकलेल्या असतात. संध्याकाळी कंबर धरते आणि बहुतेकींची ती काही दिवसांत सुटतेही. काहींची मात्र तीन महिने उलटले तरी सुटत नाही. अशा दुखण्यास दीर्घकालीन कंबरदुखी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत नेमके शारीरिक कारण दाखविता येत नाही.

खरी अडचण येथूनच सुरू होते. क्ष-किरण चित्र पाहून ‘मणक्यात गॅप आहे’ असे रुग्णास सांगितले जाते. वस्तुतः मणक्यांची झीज कंबर न दुखणाऱ्या माणसांतही, विशेषतः चाळिशीनंतर, सर्रास आढळते. पण ते एक वाक्य मनात घर करते. वाकले तर मणका सरकेल, या धास्तीने बाई घागर उचलीत नाही, पुढे अंथरूण धरते. न वापरलेले स्नायू दुबळे होतात, मग थोड्या हालचालीनेही कंबर दुखते आणि धास्ती खरी ठरल्यासारखी वाटते. बुडालेल्या मजुरीची चिंता व अपुरी झोप यांनी वेदना आणखी तीव्र होते. ही वेदना खोटी नव्हे. मनोपचाराचे नाव निघताच घरची मंडळी ‘म्हणजे ही ढोंग करते काय?’ असे विचारतात, तेथे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हा खुलासा अवश्य करावा.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ९७ चाचण्यांतील १३,१३६ रुग्णांची माहिती तपासण्यात आली. मनोपचार हे भौतिकोपचाराच्या, मुख्यतः व्यायामाच्या, जोडीने दिले असता अधिक गुणकारी ठरतात, असे तीत दिसून आले. पद्धत साधी आहे. वेदना कशी निर्माण होते हे रुग्णास समजावून देतात. रोज किती चालावयाचे, किती वाकावयाचे हे आधी ठरवितात. थोडे दुखले म्हणून ते सोडावयाचे नाही आणि बरे वाटले म्हणून एकाच दिवशी सगळे रान वेचावयाचे नाही. मणका सरकेल या समजुतीची शहानिशा रुग्ण स्वतःच, हळूहळू वाकून, करते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये अशा कंबरदुखीसाठी शिक्षण, व्यायाम व मनोपचार यांची शिफारस केली. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे यांचा नित्य वापर करू नये, असेही सुचविले. पट्ट्यांचा खप पाहता हे अनेकांना रुचणार नाही!

समुपदेशनासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. व्यायाम मात्र भौतिकोपचारतज्ज्ञाकडूनच शिकून घ्यावा. लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता, पायातील शक्ती जाणे, ताप, विनाकारण वजन घटणे किंवा पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.