पाणी सरलेल्या जमिनीवर

'वाळवंट' हा शब्द ऐकताच पुस्तकी माणसाच्या डोळ्यांसमोर अरबस्तानातील उंटांचे तांडे उभे राहत असतील; परंतु पैठणच्या पंचक्रोशीत ज्याचे बालपण गेले, त्याला प्रथम आठवते ते गोदावरीच्या पात्रातले वाळवंट, ज्या वाळवंटात भर दुपारी तापलेल्या वाळूत मागे राहिलेले, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरचे लेकरू नाथमहाराजांनी, म्हणजे संत एकनाथांनी, कडेवर उचलून घेतले, अशी कथा आम्ही आजीच्या तोंडून ऐकली. नदी हाकेच्या अंतरावर वाहत असताना लेकराचे पाय मात्र पोळत होते, ही त्या कथेतली गोष्ट मला त्या वयात कधी जाणवली नाही. ती जाणवली ती वयाची साठी उलटल्यावर, नाथमहाराजांच्याच नावाच्या जलाशयाच्या काठी, स्वतःचे पाय चिखलात रुतलेले असताना.

मी चितेगावचा. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हे गाव आहे. आता ते कारखान्यांमुळे ओळखले जाते, परंतु माझ्या बालपणी येथे उन्हाळ्याची ओळख आटलेल्या आडांवरून होत असे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर गेलेली माणसे माझ्या घरातच होती. पुढे महसूल खात्यात तलाठी म्हणून चाकरी करताना पिकांची आणेवारी, टंचाईचे अहवाल आणि टँकरच्या मागण्या यांत माझी उमेदीची वर्षे गेली, आणि म्हणूनच बिडकीन व ढोरकीन ओलांडून पुढे गेल्यावर क्षितिजावर पाण्याची रुंद रुपेरी पट्टी दिसू लागली की, दिवसभर उन्हातून चाललेल्या तांड्याला मरूद्यानाची खजुरीची झाडे दिसल्यावर जे वाटत असेल, तेच मला आजही वाटते.

नाथसागर हे सृष्टीने निर्माण केलेले मरूद्यान नव्हे. मूळ योजना बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ धरण बांधण्याची होती. जागा बदलून पैठणला आली, नाव तेवढे जायकवाडीचे राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे आणि काठोकाठ भरल्यास १०२ अब्ज घनफुटांचा साठा, त्यापैकी सुमारे २६ अब्ज घनफूट मृत, म्हणजे कालव्यांना न मिळणारा. परंतु काठावर फिरणाऱ्या माणसाने लक्षात ठेवावयाची गोष्ट या आकड्यांत नाही, ती जलाशयाच्या आकारात आहे. हे पाणी डोंगरदरीत कोंडलेले नसून सपाट मैदानावर बशीतल्या दुधासारखे पसरलेले आहे; त्यामुळे पातळी हातभर खाली गेली की काठ कोसभर मागे सरतो, आणि मागे उरते ती काळ्या गाळाची, वरून कोरडी भासणारी अफाट जमीन. १९८६ मध्ये या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्याचेही एक मोठे कारण हाच उथळपणा होय. कारण उथळ पाण्यात शेवाळ, शंख-शिंपले व किडे मुबलक वाढतात, आणि त्यांच्या आशेने हिमालयापलीकडून पट्टकादंब, चक्रवाक व तलवार बदके यांचे थवे कार्तिक-मार्गशीर्षात येथे उतरतात.

माझे पाय चिखलात रुतले त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती आणि मार्च संपता संपता पाणी फार दूर गेले होते. पुण्याहून आलेल्या माझ्या पुतण्याला रोहित पक्षी पाहावयाचे होते. पहाटे निघावे असे ठरले होते, परंतु पाहुणचाराच्या गडबडीत घर सोडावयास नऊ वाजले. दोघांत मिळून पाण्याची एकच बाटली होती, आणि वाटेत कोणाला काही विचारावे अशी आवश्यकता मला वाटली नाही, कारण या तालुक्यातील गावांचे नकाशे मी आयुष्यभर हाताळले होते. कागदावरची जमीन ठाऊक असणे आणि पायाखालची जमीन ठाऊक असणे यांतील अंतर मला त्या दिवशी अर्ध्या तासात कळले, आणि ज्या पुतण्याची जबाबदारी माझ्यावर होती त्याला मी त्या अज्ञानात बरोबर ओढले, याचे शल्य अद्याप मनातून गेलेले नाही.

काठावरून पाहता रोहितांचा थवा फर्लांगभर अंतरावर असावा असे वाटले. भेगाळलेल्या जमिनीवरून आम्ही चालू लागलो, आणि जितके चाललो तितके पाणी पुढे सरकत राहिले. मृगजळ हा शब्द मी अभंगांतून, प्रवचनांतून शेकडो वेळा ऐकला होता. परंतु खरे पाणी जवळ असतानाही त्याच्या अलीकडे खोटे पाणी दिसते, आणि दोहोंतील सीमारेषा उन्हात तापलेल्या हवेच्या थरथराटात पुसली जाते, हे मला कोणी सांगितले नव्हते. सावलीला झाड नाही, अंतर मोजावयास खूण नाही, अशा सपाटीवर डोळा माणसाला हमखास फसवतो. अर्ध्या वाटेवर बाटली संपली. एकदाचे पक्षी स्पष्ट दिसू लागले तेव्हा पुतण्याने छायाचित्रासाठी चार पावले आणखी पुढे टाकली, आणि थव्यातील एका पक्ष्याने मान वर करताच शेकडो पांढरे-गुलाबी पंख एकदम उघडले. ते दृश्य अनुपम होते हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या चरणीसाठी ते जीव इतक्या दुरून आले होते त्या चरणीवरून आम्ही त्यांना उठविले होते.

आणि त्याच क्षणी माझ्या पायाखालचा पापुद्रा फुटला. प्रथम घोटा, मग गुडघा, आणि पाय उपसण्यासाठी दुसऱ्या पायावर भार देताच दोन्ही पाय मांडीपर्यंत आत गेले. पुतण्या धावत येऊ लागला, त्याला मी ओरडून जागेवरच थांबविले. त्या सबंध दिवसात माझ्याकडून झालेले तेवढे एकच शहाणपणाचे काम होय. धडपडावे तितका गाळ अधिक आवळत होता. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, परंतु ऊन डोक्यावर आले, तोंडाला कोरड पडली आणि घाम यावयाचा थांबला, तेव्हा मला प्रथमच खरी भीती वाटली.

पाण्याच्या बाजूने एक तरुण मासेमार आपला थर्माकोलचा तराफा चिखलावरून ढकलीत आला. "काका, हलू नका. बसल्यासारखं करा अन् मागं रेला," एवढेच तो म्हणाला. तराफा त्याने माझ्या पाठीशी सारला, त्यावर मला जवळजवळ आडवे केले, आणि एकेक पाय गोल गोल हलवून त्याच्या भोवती पाणी शिरू देत त्याने तो सावकाश मोकळा केला. ओढाताण अशी त्याने केलीच नाही. त्याच्यामागोमाग काठाकडून एक वृद्धा तुराट्यांच्या पेंढ्या घेऊन आली होती. त्या अंथरून केलेल्या वाटेवरून आम्ही तिच्या खोपीपर्यंत पोहोचलो. तिने डोक्यावर ओले फडके ठेवले, माठातल्या पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घातले, आणि मी तांब्या तोंडाला लावताच हात धरला. "भाऊ, घाई नका करू. घोट घोट घ्या."

थोडे बरे वाटल्यावर मी विचारले, "आक्का, एवढी कोरडी जमीन, मग पाय रुतला कसा?"

"वरून भाकर, खालून आंबील हाय ती," ती म्हणाली. "आमची जनावरं बी तिकडं जात न्हाईत. तुमी इचारायचं व्हतं ना."

विचारावयास हवे होते, हे खरेच. ज्या जमिनीला मी ओसाड समजून तुडवीत आलो होतो तिच्यावर आक्काचा हरभरा नुकताच निघाला होता आणि टरबुजाचे वेल पसरलेले होते. आमच्या पावलांनी त्यांतील काही चेंगरलेही होते. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या बुडीत क्षेत्राला आमच्या दफ्तरी गाळपेर जमीन म्हणतात. ती एकसाली पट्ट्याने कसावयास दिली जाते आणि तीत धरणग्रस्तांना अग्रक्रम असतो. ती वृद्धा धरणग्रस्तच होती. तिचे सासरचे गाव, लग्नानंतर काही वर्षांतच, या पाण्याखाली गेले. मोबदल्याचे कागद, पंचनामे, सातबारा उतारे हे शब्द मी चाकरीत हजारो वेळा लिहिले, पण त्या कागदांतून गेलेले अंगण पाण्याच्या कोणत्या बाजूला आहे हे बोट करून दाखवणारी बाई मी प्रथमच पाहत होतो.

वरकरणी मोकळे दिसले तरी त्यावर कोणाचा तरी हक्क असतो, हा शुष्क प्रदेशातील पाण्याचा धर्म सर्वत्र सारखाच असावा. ओमानमध्ये डोंगरातले पाणी मैलोगणती दूरच्या बागांपर्यंत नेणारे 'फलज' नावाचे कालवे आहेत. त्यांतील पाच २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत नोंदले गेले. तेथे कोणाच्या बागेला पाणी किती वेळ मिळावे ते पूर्वापार सूर्याच्या सावलीवरून व रात्री ताऱ्यांवरून मोजले जाई, आणि कालवा गावात शिरतो तेथील पहिले पाणी पिण्यासाठी राखून, स्नानाच्या व शेताच्या पाळ्या त्याच्या खाली लावण्याची रीत आहे. पाहुण्याला केवळ खळाळते पाणी दिसते. त्यात गुंतलेले हिस्से, हक्क आणि पिढ्यान्पिढ्यांचे करार त्याला दिसत नाहीत. आम्हाला तरी हे परके का वाटावे? सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने आपल्या खडकी शहरासाठी, म्हणजे आजच्या संभाजीनगरसाठी, डोंगराच्या कुशीतले भूगर्भजल केवळ उताराच्या बळावर आणणारी नहर बांधली, ती याच विद्येच्या कुळातली होती. आणि आजही पावसाळा सरताना जायकवाडीचा उपयुक्त साठा ठरलेल्या प्रमाणाहून कमी भरला तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे की नाही, यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात जो वाद दुष्काळी वर्षांत पेटतो, तोही हिश्शाचाच वाद आहे.

त्यानंतर मी अनेकदा नाथसागरावर गेलो आहे, आणि जे जाऊ इच्छितात त्यांना मी आवर्जून सांगतो की उन्हाळा टाळा. मार्गशीर्ष ते माघ हा काळ पक्ष्यांचाही असतो आणि माणसाला सोसवणाराही. सूर्योदयापूर्वी काठावर पोहोचावे आणि दहाच्या सुमारास परतावे. माणशी निदान तीन लिटर पाणी बरोबर असावे, त्यातील एक लिटर मीठ-साखर घातलेले. सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे त्याचे प्रमाण, मीठ अधिक होऊ देऊ नये. बरोबरच्या माणसाचा घाम थांबला, त्वचा तापली आणि बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी शिंपडीत, वारा घालीत तत्काळ रुग्णालयाची वाट धरावी. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी मात्र ओतू नये. मी त्या दिवशी वाचलो याचे कारण ती वेळ आली नव्हती, इतकेच.

अभयारण्यात जाताना वन विभागाची परवानगी आधी घ्यावी आणि चालावयाचे असल्यास काठच्या वस्तीतील एखाद्या माणसाला, त्याच्या मेहनतीचा मोबदला देऊन, सोबत घ्यावे. हातात काठी असावी आणि पाऊल टाकण्यापूर्वी ती रोवून पाहावी; रोहित उभा आहे तेथपर्यंत आपल्याला जाता येईल असे समजू नये, त्याच्या बोटांमध्ये पडदा असतो आणि त्याचे वजन ते काय. जमिनीच्या भेगांत हात घालू नये, तेथे घोणस विसावलेली असू शकते. दुर्बीण मात्र चांगली घ्यावी, कारण ती असली म्हणजे पक्ष्यांच्या जवळ जाण्याचा मोह अर्धा कमी होतो. पट्टकादंबाला वसंतात हिमालय ओलांडावयाचा असतो आणि त्यासाठी साठवलेले बळ आपण त्याला उगीच उडवून खर्च करावयास लावतो. चैत्र-वैशाखात तर नदी सुरय व टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. ती मातीच्या रंगाची असल्याने पायाखाली आल्यावरच कळतात. आणि धरणाच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या पात्रात स्नानास किंवा खेळावयास उतरणाऱ्यांना एवढेच सांगतो की आकाश निरभ्र असले तरी नाशिककडे पाऊस झालेला असतो. धरणातून पाणी सोडण्यापूर्वीचा भोंगा वाजला, की कपडे-भांडी आवरीत न बसता काठ गाठावा.

गेल्या खेपेला मी मार्गशीर्षात गेलो तेव्हा पाऊस चांगला झालेला होता आणि पाणी खोपीच्या पार वरपर्यंत चढलेले होते. आक्काने आपला संसार उंचवट्यावर हलविला होता. यंदा गाळपेर नाही, पोटापाण्यासाठी मुलगा बिडकीनला कामाला जातो, असे तिने सांगितले. घरून नेलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा आम्ही तिच्या ओट्यावर बसून खाल्ला. मी विचारले, "आक्का, तुमचं टरबुजाचं रान कुठंशी आलं म्हणायचं?" तिने पदराने डोळ्यांवर आडोसा केला, थोडा वेळ न्याहाळले, आणि काठापासून दूर, जेथे चक्रवाकांची एक जोडी संथ पाण्यावर तरंगत होती, तिकडे बोट केले.